चमचाभर गांजा

सुकदेवनं डिंडोलीतल्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, "शनिवारी मी गांजा घेणार. डॉक्टरच्या हातून! पोलीस आले तरी सलाम ठोकून जातील!"

गोष्ट खरी होती, पण अर्धीच. गांजाच्या झाडातल्या एका द्रव्यापासून लहान मुलांच्या फिटवर औषध तयार होत होतं. मंजुरीसाठी ते आधी धडधाकट माणसांना देऊन बघायचं होतं. त्यात कापडाच्या कारखान्यात लूमवर काम करणारा सुकदेव निवडला गेला. डॉक्टर रूपालीताईंनी बजावलं, "यानं नशा होत नाही हं. फॉर्म नीट वाचा, मग सही करा."

सुकदेवनं आधी सही केली. वाचायचं राहूनच गेलं.

चमचाभर औषध पोटात गेलं आणि दहाव्या मिनिटाला त्याची दवाखान्यातली खाट तापी नदीवरून तरंगू लागली! त्या तारेतच त्यानं कारखान्याच्या शेठला फोन लावला.

"शेठ, तुमचं घड्याळ नेमकं सुटीच्या वेळेलाच कसं हो मागं पडतं?"

"काले आवतो नहीं!" शेठ गुजरातीत गरजला. म्हणजे उद्यापासून काम बंद!

संध्याकाळी त्याला न्यायला बायको अनुसया आली, सोबत सासूबाई उषाबाई, हातात भरताचा डबा. एक घास खाऊन सुकदेव म्हणाला, "आई, सोळा वर्षं गिळतोय. हे भरीत आहे की मशीनचं ग्रीस?"

उषाबाईंनी डबा उचलला आणि चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सुकदेवनं सगळ्यांचे पाय धरले. "मी नाही हो बोललो, औषध बोललं!"

उषाबाई विरघळल्या. "लोकांच्या लेकरांसाठी काय काय सोसलं माझ्या जावयानं!" शेठही नरमला. "डॉक्टरचं लेखी आण. तोवर ये कामावर."

महिन्याभरानं चाचणी संपली. लेखी घ्यायला सुकदेव ऐटीत निघाला. शेठला नेलं, अनुसयाला नेलं, सासूबाईंना रिक्षात मधोमध बसवलं.

रूपालीताईंनी यादी काढली. "सुकदेवभाऊ, तुम्हाला औषध नव्हतंच. तुलना करायला निम्म्या लोकांना नुसतं तिळाचं तेल दिलं होतं. फॉर्मवर लिहिलेलं की!"



"म्हणजे," अनुसया सावकाश म्हणाली, "ते सगळं शुद्धीवर बोललात?"

उषाबाई पदर खोचून उठल्या. सुकदेव टेबलावर वाकून हळूच म्हणाला,

"ताई, मला आता फिट येईलसं वाटतंय. खरं औषध आहे का?"