गिरावीनची काँग्रेस

मंडळ कसं चालवावं हे विश्रामला जितकं कळत होतं तितकं अख्ख्या सिडनीत कुणालाच कळत नव्हतं, असं विश्रामचंच मत होतं! दोन वर्षं अमेरिकेत, वॉशिंग्टनलगतच्या व्हर्जिनियात काढून तो इकडे आला होता. गिरावीन या सिडनीच्या उपनगरातल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झाल्याबरोबर त्याने बायकोला, सुमेधाला, सांगून टाकलं, "वॉशिंग्टनसारखं चालवतो की नाही, बघच तू!"

"आधी शनिवारचा मराठी वर्ग नीट चालू दे," सुमेधा म्हणाली. त्यांची आठ वर्षांची ईशानी त्या वर्गामुळे आता कुठे मराठी वाचायला लागली होती.

पहिल्याच सभेत विश्राम म्हणाला, "लोकशाहीला दोन पक्ष हवेत. आणि आपण सगळे मिळून काँग्रेस!"

मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ श्रीनिवासकाका ताडकन उठले. "मी? काँग्रेसमध्ये? या जन्मात नाही!"

"काका, अमेरिकेत काँग्रेस म्हणजे संसद! पक्ष नव्हे!"

"मला नको शिकवूस!"

काका दहाजणांना घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले आणि विरोधी पक्ष आपोआप तयार झाला. सभेनंतर विरोधकांना खुर्च्या उचलाव्या लागणार नाहीत, ते काम सत्ताधाऱ्यांचं, हे कळल्यावर तर तिकडे रीघच लागली! सत्तेत उरले तिघं: विश्राम, सुमेधा आणि उशिरा आलेला सलिल.

मग नियम झाला. वर्षाचे सगळे उपक्रम एकाच ठरावात, आणि तो ऑगस्टअखेर दोन्ही पक्षांनी मंजूर केला नाही तर सगळं बंद.

"तिकडे याला शटडाऊन म्हणतात," विश्रामने समजावलं. "सरकारी खाती बंद पडतील या धास्तीने दोन्ही पक्ष वठणीवर येतात."

"येतात?" सुमेधाने विचारलं.

"म्हणजे... कधी कधी."

घोडं अडलं सहलीवर. सत्ताधाऱ्यांना डोंगर हवा होता, विरोधकांना समुद्र. ऑगस्ट संपला. विश्रामने जड मनाने ग्रुपवर लिहिलं, 'वर्गासह सर्व उपक्रम बंद.' पुढचे तीन शनिवार तो सकाळपासून काकांच्या घरी वाटाघाटींना जाऊन बसला. मनातून त्याला खरंच लाज वाटत होती. मोठ्यांच्या हट्टापायी मुलांची अक्षरं हातची चालली होती. चौथ्या शनिवारी तो स्वतःच नमला, काकाही नमले, नदीकाठ ठरला आणि दोघं तडक हॉलवर पोचले.

हॉल उघडा होता. आत पंधरा मुलं पाटीवर वाकलेली, आणि मागे सुमेधा!

"वर्ग पुन्हा सुरू!" विश्राम दारातूनच ओरडला.

शिकवणाऱ्या चित्रलेखाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बंद कधी झाला होता?"

"ग्रुपवर लिहिलं होतं ना मी!"

"तो ग्रुप मी केव्हाच म्यूट केलाय. किल्ली माझ्याकडे असते, मुलं येतात, मी शिकवते."

सुमेधा छताकडे बघत होती. काका हळूच म्हणाले, "मग आपण महिनाभर काय बंद पाडलं रे?"

विश्रामच्या मनात आलं, पक्ष येतात, जातात, भांडतात. तिकडच्या कचेऱ्यांमध्येही अशीच कुणी ताई मान खाली घालून काम करत असेल, म्हणून तर देश उभा राहतो! हे फार मोठं सत्य सापडल्यासारखं त्याला वाटलं आणि त्याने घसा खाकरला. "काका, अमेरिकेत काय असतं—"

ईशानीने वळून ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा, तू बाहेर जाऊन बोल ना. आम्ही 'ज्ञ' शिकतोय."