नुन्झियाचा नळ आणि शहात्तर नंबर

निवडणूक कशी जिंकावी हे अख्ख्या नेपल्समध्ये कोणी शिकावं तर माझ्याकडून! एकतीस वर्षं दाढ्या करतोय. गळ्यावर वस्तरा असला की माणूस आपलं खरं मत सांगतो. म्हणून नुन्झिया नगरपालिकेला उभी राहिली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिचा प्रचारप्रमुख झालो. कोणी केलं नाही, मीच झालो.

नुन्झिया जन्मली मुलगा म्हणून, पण परकर घालून फिरायला लागल्यापासून गल्ली तिला बाईच मानते. अशा माणसाचा हात शुभ, हे आमच्याकडे पक्कं. बाळ जन्मलं की आधी तिच्या मांडीवर. नाताळात हाउजीचे आकडे पुकारायला तीच. मात्र ती नोकरी मागायला गेली की दारं बंद, आणि मनातलं काही बोलायला लागली की सगळ्यांना घरची कामं आठवतात.

"तीस वर्षं माझा हात वापरतायत, चिच्चो," ती म्हणाली. "एकदा माझं बोलणं ऐकून घेऊ देत. पडले तरी चालेल."

"ऐकतील की. मी आहे ना!"

पहिल्या सभेला वीस माणसं येतील असं धरलं होतं. चौक भरला! नुन्झिया म्हणाली, "आपल्या गल्लीच्या चौपन्न पायऱ्या मोडल्यात, बारा दिवे बंद आहेत, चौकातला नळ अकरा वर्षं कोरडा आहे." लोक खिशातून पेन्सिली काढून टिपून घेत होते. माझी छाती फुगली. इतके जागरूक मतदार मी जन्मात पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तितिनाआजीनं मला रस्त्यात अडवलं. ही आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात भांडकुदळ बाई.

"चिच्चो, चौपन्न, बारा, अकरा. बरोबर ना? का पायऱ्या चौसष्ट म्हणाली?"

"आजी, तुम्हाला पायऱ्यांचं काय करायचंय?"

"पायऱ्यांचं कोण बोलतंय मेल्या? लॉटरीचं बोलतेय. शुभ तोंडातून आलेत आकडे!"

तंबाखूच्या दुकानात लॉटरीची चिठ्ठी मिळते. तिथली रांग पार माझ्या दुकानापर्यंत आली होती. नुन्झियाला सांगितलं, तर ती नुसती खुर्चीत बसली. मला फार वाईट वाटलं. शांत बसवेना, म्हणून मी आणखी एक योजना काढली.

"शुक्रवारची शेवटची सभा. त्यात एकही आकडा बोलायचा नाही. आणि बाल्कनीतून बोल, उठून दिसशील."

बोलली बिचारी. एकही आकडा तोंडातून काढला नाही. नळाबद्दल, पाण्याच्या बाटल्या घेऊन जिने चढणाऱ्या म्हातारीबद्दल, अंधारात घरी येताना वाटणाऱ्या भीतीबद्दल. आणि खाली पेन्सिली धावत होत्या! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नेपल्समध्ये जगातल्या प्रत्येक गोष्टीला लॉटरीचा आकडा आहे. नळ शहात्तर. म्हातारी एकोणनव्वद. भीती नव्वद. इतकंच काय, बाल्कनीतल्या बाईलासुद्धा त्रेचाळीस, आणि तिला बाल्कनीत मीच उभं केलेलं.

शनिवारी सोडत निघाली. यातला एकही आकडा आला नाही.

रविवारी, मतदानाच्या दिवशी, सकाळीच सगळी गल्ली तिच्या बाल्कनीखाली जमली. हातात फुकट गेलेल्या चिठ्ठ्या.

"शहात्तर कुठंय?" तितिनाआजी ओरडली. "नळ म्हणालीस ना?"

मतदानाच्या दिवशी प्रचाराला बंदी असते. मी खालून दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होतो. नुन्झियानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नळ म्हणजे नळ, आजी. त्याला पाणी नाही, असं म्हणाले."

"आणि म्हातारी?"

"ती तुम्ही. रोज बाटल्या घेऊन चढता. मला बघवत नाही."

"मग भीती कुणाची?" मागून मासेवाला म्हणाला.

"माझी. दिवे नाहीत ना. कोण मागून येतंय, कळत नाही."

मी पाहिलं, एकही पेन्सिल हलत नव्हती.

"हे आधी का नाही बोललीस?" आजीनं विचारलं.

"दोन्ही सभांत हेच बोलले."

आजीनं चिठ्ठी चुरगाळून खिशात घातली. "माझा आकडा बुडाला तो बुडाला. पण आता नळ घेतल्याशिवाय हिला सोडत नाही. चला रे मतं द्यायला!" आणि सगळी गल्ली तणतणत मतदान केंद्राकडे निघाली.

नुन्झिया निवडून आली. त्या रात्री मी भेटेल त्याला माझी योजना समजावून सांगत होतो. मध्येच तिनं मला कोपऱ्यात घेतलं.

"खरं सांग चिच्चो, तूसुद्धा लावला होतास?"

"शहात्तर," मी म्हणालो. "फक्त शहात्तर."

"आला?"

"नाही."

"येईल," ती म्हणाली. "पाणी येईल. ते मी आणीन."

तिचं बोलणं मी अगदी मन लावून ऐकलं, शपथेवर सांगतो. पण तिच्या तोंडून 'येईल' निघालंय म्हटल्यावर राहवेना. मंगळवारी पुन्हा शहात्तर लावला. रांगेत माझ्या पुढे तितिनाआजी होती.