रिगार्ड्सच्या मुलुखावरील स्वारी

विदित व्हावे की, सातारा शहराबाहेर कारखान्यांच्या वसाहतीत राजश्री लालासाहेब, बोल्टांचे कारखानदार, यांचे दफ्तरी शुक्रवारी दुपारी जी थोर मोहीम जाहली, तिची हकीकत जैसी देखिली तैसी लिहितो. पूर्वीचे लोक पत्राचे शेवटी 'बहुत काय लिहिणे' इतके लिहून मोकळे होत आणि घोडा पुढे काढीत. हल्ली इंग्रजी मेलाचा अंमल बसला आणि शेवटास काय लिहावे या एका गोष्टीने भल्या भल्यांची मति गुंग जाहली.

प्रसंग ऐसा पडिला की, पुण्याच्या मातबर कंपनीचे खरेदीसाहेब यांचा मेल आला की, ट्रॅक्टरच्या बोल्टांची ऑर्डर तुम्हांस देतो, पाच वाजेतो होकार कळविणे, न कळविल्यास काम दुसरियास जाईल. दफ्तरी कारकून कुमारी रेश्मा, राहणार शिराळा, वर्षभर कच्च्या नोकरीवर होती, आणि मालकांचा तीस शब्द होता की, ही ऑर्डर आली तर तुला पर्मनंट करितो. घरी तिच्यासाठी स्थळे पाहणे चालले होते, रविवारी पाहुणे यावयाचे होते, आणि नोकरी पक्की जाहली तरच बाप एक वर्ष थांबेन म्हणत होता. म्हणोन तिने होकार दोन ओळींत लिहिला, खाली 'थँक्स अँड रिगार्ड्स' घातले आणि मालकांस दाखविला. तिने परस्पर पाठवावयाचा, तो दाखविला, ही चूक जाहली.

लालासाहेबांनी, ज्यांस दफ्तरी सारे आण्णा म्हणत, चष्मा चढविला, मेल वाचिला आणि मुद्रा गंभीर केली.

"काम अजून हातात न्हाई आन् आभार कसलं मानती? आभार मानलं की कार्यक्रम संपला. मानसं उठून चपला हुडकाय लागत्यात."

हे सभेस पटले. 'थँक्स' तत्काळ कापून काढिले. मग 'रिगार्ड्स' एकटे राहिले, ते मालकांस कोरडे वाटले, पाहुण्यास चहा न देता वाटेस लावावे तैसे. सबब खलबत बसले. पुतणे धैर्यशीलराव पुण्यास दोन वर्षे राहून आलेले, त्यांनी 'वॉर्म रिगार्ड्स' घालावे ऐसी मसलत दिली. त्याजवर फाटकाचे अंमलदार, फौजेतून निवृत्त सुभेदार आकाराम यांनी विचारिले की, मग आजवर आपण गार पाठवीत होतो काय. आणि फर्मान सोडिले की, खाली 'जय हिंद' नसेल तो कागद फाटकाबाहेर सोडणार नाही. मेल फाटकातून जात नाही, हे त्यांस परोपरी समजाविले, परंतु त्यांनी ते मानिले नाही. फोरमन ज्ञानू यास शाळेतील रजेच्या अर्जाखालचे 'आपला आज्ञाधारक' तेवढे आठवत होते, तेही त्याने खर्ची घातले.

मग खाली नाव कोणाचे, हा प्रश्न निघाला आणि आधीचे युद्ध किरकोळ ठरले. सर्वांत वर लालासाहेब, 'मार्गदर्शक' म्हणोन. मग धैर्यशीलराव, 'युवा उद्योजक' म्हणोन. मग सुभेदार हुद्द्यासह. ज्ञानूने आपले नाव सुभेदारांचे बरोबरीने मागितले आणि दोघांत बोलणे बंद जाहले. ही खबर कारखान्यात फुटली, तो यंत्रे थांबली आणि लेथवरचे वीर हात पुसत दाराशी उभे ठाकले, की आमची नावे का नाहीत. मेल दोन ओळींचा आणि खाली नावांची फौज हातभर, ऐसा प्रकार जाहला. घड्याळात पावणेपाच होत आले. रेश्माचे डोळे भरोन आले. मोठा राग आला आणि त्या रागातच तीस युक्ती सुचली.

"आवं आण्णा, मेलावर फोटो कुठं लागत्यात? नावं फ्लेक्सवर घिऊ. ऑर्डर आली की फाटकावर लावू, समद्यांच्या फोटोसकट."

ऐसे वचन पडताच एकच पळापळ जाहली. पुण्यात एक साहेब वाचणार, त्यापेक्षा अवघा सातारा पाहील, हे ज्याचे त्यास उमगले. सुभेदार वर्दीतील फोटो शोधू लागले, धैर्यशीलराव गॉगल लावून बाहेर उजेडात गेले, ज्ञानूने भांग पाडिला, आणि मेलाकडे पाहणारा कोणी उरला नाही. तेव्हा रेश्माने 'रिगार्ड्स' लिहिले, खाली 'रेश्मा' लिहिले आणि मेल रवाना केला.

लगोलग पुण्याहून उत्तर आले. उत्तर इतकेच की, 'ओके'. वर डिअर नाही, खाली रिगार्ड्स नाही, नाव नाही. लालासाहेबांनी खाली आणखी काही दडले आहे काय, म्हणोन पडदा वरखाली सरकवून पाहिला. एवढा मोठा मनुष्य आणि शेवट काहीच नाही, याचा अर्थ मेल करून विचारावा, ऐसे धैर्यशीलरावांनी सुचविले आणि त्या मेलाखाली काय लिहावे यावर पुनः खुर्च्या ओढिल्या जाऊ लागल्या. रेश्माने मालकांपुढे कागद ठेविला.

"ऑर्डर आली न्हवं, आण्णा? ह्ये माझ्या पर्मनंटचं पत्र. खाली निस्ती सही करा."

लालासाहेबांनी पेन काढिले, 'आपला' इतके लिहिले आणि पुढे आपला कोण, या विचारात पेन थांबले. रेश्मा कागदाचे कोपऱ्यावर बोट ठेवून उभी राहिली, हलली नाही. मग त्यांनी 'आपला' खोडिले आणि सही केली.

येणेप्रमाणे बोल्टांची ऑर्डर हाती आली आणि पाच वाजावयाचे आत मोहीम फत्ते जाहली. रेश्माने तेथेच उभ्याने शिराळ्यास बापाला फोन लाविला आणि रविवारच्या पाहुण्यांस येऊ नका म्हणोन कळविण्यास सांगितले. ही गोष्ट दफ्तरी नमूद केली असे.