सुई खोटं बोलत नाही

मी फारसं बोलत नाही, आणि पुराव्याशिवाय तर अजिबातच नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं की ही सवय लागते. म्हणूनच त्या दिवशी मी जे बोलले ते ऐकून आमचे मुख्याध्यापक सूर्यकांत सर यांचा अर्धा चहा बशीत सांडला.

"सर, पंधरा दिवस द्या मला. सहावीतलं एकही लेकरू नकाशापुढे अडणार नाही!"

झालं होतं असं, की आमच्या भूगोलाच्या सरांची बदली झाली. (बदली हा शब्द कानावर पडला की मी जरा हळवी होते. माझं घर लातूरकडे, नोकरी इकडे हिंगोली जिल्ह्यात, हट्ट्याच्या अलीकडच्या गावात. दोन वर्षं अर्ज करतेय, यादीत नाव लागत नाही.) तर, भूगोल रिकामा पडला आणि सरांनी तो विज्ञानाच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या गळ्यात घातला.

"सांभाळून बरं का म्याडम," सर बशीतला चहा परत कपात ओतत म्हणाले. "भूगोलात प्रयोग नसतात."

"आता असतील!" मी म्हणाले.

पहिल्या तासाला मी विचारलं, "उत्तर दिशा कुठे आहे?"

वर्गातली सगळी बोटं एकदम पंख्याकडे गेली.

"वर!"

"आणि दक्षिण?"

सगळा वर्ग बाकाखाली वाकला. एकाने तर चप्पल उचलून खाली पाहिलं.

मला राग आला नाही, उलट भारी गंमत वाटली. यांनी जन्मात नकाशा पाहिला तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला. त्यात उत्तर वर असते. मग ती पंख्याकडेच असणार! पहिल्या बाकावरच्या प्रतिक्षाने तर सिद्धांतच मांडला, "म्याडम, वर हिमालय हाय ना? मग चढूनच जावं लागतंय की!"

यात चूक दाखवायला मला दोन मिनिटं लागली.

मी नकाशा खिळ्यावरून काढला, मैदानात जमिनीवर अंथरला, खऱ्या उत्तरेकडे त्याची उत्तर फिरवली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. पोरं भोवती फिरू लागली. कुणीतरी ओरडलं, "आरं, हिमालय हिंगोलीच्या अंगाला हाय!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. हिमालय इतका जवळ कधीच आला नव्हता.

मग सुई. शाळेच्या जळलेल्या भोंग्यातलं चुंबक काढलं. शिवणाची सुई त्यावर एकाच दिशेने घासली, बाटलीच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर ठेवली आणि झाकण जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, परातीत पाण्यावर सोडलं. सुई डुलली, वळली, थांबली. कुणी हलवली तरी परत तिथेच! हा प्रयोग मी कितीदा केला असेल, तरी अंगावर काटा येतो. पोरं तर श्वास रोखून बसली होती.

"पण म्याडम," प्रतिक्षा म्हणाली, "सूर्य उगवतो ती पूर्व. मग सुई काहून पाहिजे?"

चांगला प्रश्न होता. चांगल्या प्रश्नाने मला चढते. मी म्हणाले, "सूर्य वर्षातून दोनच दिवस बरोबर पूर्वेला उगवतो. हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतो, उन्हाळ्यात उत्तरेकडे. सूर्यावर विसंबू नका. सुई कधीच खोटं बोलत नाही!"

हे वाक्य लक्षात ठेवा. गावाने ठेवलं.

गृहपाठ दिला: प्रत्येकाने सुई तयार करायची आणि आपल्या घराचा नकाशा काढायचा. दिशेचा बाण, सूची, प्रमाण, सगळं.

"माणसं बी दाखवायची का?" प्रतिक्षाने विचारलं.

"नाही. जे जागचं हलत नाही तेच."

"आजी हलत न्हाई."

"मग आजीची खाट दाखव."

एवढंच म्हणाले मी. एवढंच!

प्रतिक्षाच्या घरात पुढची खोली मी भाड्याने घेतली आहे. त्यामुळे संध्याकाळी माजघरातून जो आवाज आला, तो मला भिंतीतून नव्हे, भिंतीसकट ऐकू आला.

"व्हय गं शिवकन्ये! मारायलाच टेकलीस व्हय मला?"

हा आवाज प्रतिक्षाच्या आजीचा, पार्वतीबाईंचा. मी धावले. पार्वतीबाई खाटेवर बसून डाव्या गुडघ्यावर थापा मारत होत्या. समोर त्यांची सून शिवकन्या, हातात पिठाचा गोळा. मध्ये मुलगा विश्वंभर, दोन बैलांच्या मधल्या जुवासारखा. आणि कोपऱ्यात प्रतिक्षा, हातात नकाशा.

नकाशा सुरेख होता. चौकोनी खोल्या, सूचीत चूल, देवघर, कोठी. आजीची खाट, तिच्या एका टोकाला गोल ठिपका.

"हा ठिपका कशाचा?" मी विचारलं.

"आजीच्या डोक्याचा."

आणि त्या ठिपक्यावरूनच बाण वर गेला होता. बाणाच्या टोकाला: उ.

आपल्याकडे उत्तरेला डोकं करून कुणी झोपत नाही. तसं ठेवतात ते मेलेल्या माणसाला. आणि पार्वतीबाईंची खाट अशी फिरवली कुणी? पाडव्याला गव्हाची नवी कोठी घरात आली, तिला जागा करायला खाट फिरवली शिवकन्येने!

"तव्हापासूनच गुडघा धरला माझा," पार्वतीबाई म्हणाल्या. "मी म्हणते तकलीफ काहून जाईना! मढं करून ठिवलं मला जितेपणी!"

"अवो आत्याबाई, त्या अंगानं रोज सूर्य उगवतो की! उत्तर कशी व्हईल?"

"सूर्याचं नको सांगू मला! त्यो हिवाळ्यात कुटून उगवतो, उन्हाळ्यात कुटून. सुई कधी खोटं बोलत न्हाई! इचार म्याडमला!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पाठ माझ्यापेक्षा आधी घरी पोचला होता.

पार्वतीबाईंचा जन्म शेतात गेला. अंधारातसुद्धा त्या दिशा चुकायच्या नाहीत. पण त्यांना आता दिशा नको होती, गुडघ्याचा गुन्हेगार हवा होता.

मी घसा खाकरला. "पार्वतीबाई, उत्तरेला डोकं केल्याने गुडघा दुखतो, याला शास्त्रीय आधार नाही."

"सुई तुमची, पाठ तुमचा, अन् आता आधार न्हाई म्हणून राहिल्या?"

शिवकन्येने पिठाचा गोळा परातीत आपटला. "बास! सासूला मारणारी म्हणून मला या घरात राहायचं न्हाई. उद्या दुपारच्या गाडीनं मी कळमनुरीला, माहेराला जाते!"

"आई," कोपऱ्यातून प्रतिक्षा म्हणाली, "कळमनुरी ईशान्येला हाय."

"तू तरी गप बस ना," विश्वंभर म्हणाला. आईला की बायकोला म्हणाला ते दोघींनाही कळलं नाही, म्हणून दोघीही त्याच्यावर तुटून पडल्या.

मी खोलीत आले. त्या घराची भाकरी मी खाल्ली आहे आणि ती शिवकन्येने भाजलेली असते. माझ्या एका वाक्याने ती घर सोडून निघाली होती. आणि तरी, खरं सांगते, डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: सूर्य उगवतो त्या बाजूला सुई उत्तर का दाखवते?

सकाळी शाळेत गेले तर सूर्यकांत सर भिंतीकडे तोंड करून बसलेले! दारातून फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"सर?"

"पूर्वेकडं तोंड पाहिजे म्याडम, कामात बरकत येते," सर भिंतीला म्हणाले. "इतकी वर्षं उलटा बसलो. काल तुमच्या सुईनं दाखवलं."

तेवढ्यात शकुबाई आल्या. त्यांची जुळी पोरं सहावीत.

"म्याडम, एका घरात दोन उत्तरा कशा असत्यात? एक पोरगं म्हणतं समोरच्या दाराकडं, दुसरं म्हणतं मागच्या! तीनदा खाटा फिरवल्या. शेवटी गच्चीवर झोपलो सगळे, तिथं बी भांडण!"

त्यांच्या मागून मोतीबाई. त्यांनी देवघर उचलून न्हाणीजवळ नेलं होतं, आता देवच रुसले म्हणत होत्या. त्यांच्यामागे आणखी चौघी-पाचजणी. मराठवाड्यात एवढी माणसं मास्तरीणबाईंना भेटायला आली, की एक तर निवडणूक असते नाही तर बदली!

मी वहीची पानं मागवली. पोरांचे सगळे नकाशे मैदानात गावासारखेच मांडले: वेशीजवळचं घर वेशीजवळ, मारुतीजवळचं मारुतीजवळ. आणि पाहत राहिले. एका गावात जितकी घरं तितक्या उत्तरा! बाण असे पसरले होते, जणू टोपलीतून सुटलेली कोंबडीची पिल्लं.

मला लाज वाटायला हवी होती. मला इतका आनंद झाला, की मी तोंडावर पदर धरला.

जुळ्यांचं कोडं लगेच सुटलं. एकाने सुई नाकाकडून टोकाकडे घासली होती, दुसऱ्याने टोकाकडून नाकाकडे. त्यामुळे एकीचं टोक उत्तरेला, दुसरीचं नाक. एका दिशेने घासा म्हणाले होते मी. कोणत्या, ते सांगायचं राहिलं होतं!

"म्हंजी दोघांचं बी बराबर?" शकुबाई म्हणाल्या.

"सुई दोघांचीही बरोबर. वाचली एकाने उलटी."

बाकीच्यांचं काय? मी परात घेऊन सरांच्या ऑफिसात गेले. सरांच्या टेबलाशेजारी झाकण पाण्यात सोडलं. सुई उत्तरेकडे न जाता गर्रकन कपाटाकडे वळली. लोखंडी कपाट! मी परात एक पाऊल दाराकडे नेली. सुई थोडी फिरली. आणखी एक पाऊल. आणखी फिरली.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही पूर्वेकडे नाही, शौचालयाकडे तोंड करून बसला आहात."

सरांनी खुर्ची इतक्या वेगाने फिरवली, की सुई पुन्हा हलली.

मधल्या सुट्टीत आमची मिरवणूक निघाली. पुढे प्रतिक्षा, डोक्यावर परात, मागे सहावीचा वर्ग, त्यामागे शकुबाई आणि मोतीबाई. दुपारची गाडी यायला थोडाच वेळ होता. दारात शिवकन्येची पिशवी भरून ठेवली होती आणि विश्वंभर तिच्यावर हात ठेवून बसला होता, जणू ती एकटीच निघून जाईल.

परात खाटेवर ठेवली. सुई डुलली आणि थेट उशाकडे वळून थांबली.

"बघा!" पार्वतीबाई गरजल्या. "उत्तर!"

"उत्तर नाही," मी म्हणाले. "उशाला काय आहे?"

उशाला गव्हाची कोठी होती. पत्र्याची, माणसाएवढी, लखलखीत.

मी परात खाटेवरून खाली घेतली. दाराकडे एक पाऊल. सुईने उशाकडची मान जरा वळवली. उंबऱ्यावर आणखी. अंगणात आलो, तेव्हा ती खरोखर उत्तरेला, मारुतीच्या देवळाकडे वळून निवांत पडली होती. मी परत आत नेली. कोठी आली, सुई पुन्हा तिच्याकडे.

"आजी, तुझं डोकं पूर्वेला हाय!" प्रतिक्षा ओरडली. "सुईला कोठी ओढून राहिली!"

शिवकन्येने कमरेवर हात ठेवले.

"आता काय म्हणता आत्याबाई?"

पार्वतीबाईंनी कोठीकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, शेवटी सुनेकडे पाहिलं.

"मी तुला कुटं काय म्हणले? मी कोठीलाच बोलून राहिले हुते काल! अन् कोठी इथं उशाला ठिवली कुणी?"

"ह्यांनी!" शिवकन्या म्हणाली.

सासू-सून दोघी एका दिशेला वळल्या. विश्वंभर पिशवीवरचा हात काढून उठला आणि कोठी सरकवायला लागला. एकटाच. भरलेली.

"अन् ती पिशवी आत ठिव," पार्वतीबाई सुनेला म्हणाल्या. "म्याडमसाठी च्या टाक. साखर जरा जास्त."

गाडी हॉर्न वाजवून निघून गेली. मी चहाचा पहिला घोट घेतला. विज्ञानाचा विजय झाला होता! भूगोलाचाही! घर वाचलं होतं, सून वाचली होती आणि माझ्या वाक्यात थोडीच दुरुस्ती करायची होती: सुई खोटं बोलत नाही, पण लोखंडाच्या धाकात असते.

"म्याडम," प्रतिक्षाचा आवाज पुढच्या खोलीतून आला. "नकाशात तुमची खोली राह्यली हुती. झाली आता."

आम्ही सगळे तिकडे गेलो. माझी खाट लाकडी. खोलीत कपाट नाही, कोठी नाही, पत्र्याची पेटीसुद्धा नाही. परात खाटेच्या मधोमध. सुई जराही न डगमगता माझ्या उशीकडे पाहत होती.

मग पार्वतीबाईंनी हळूच विचारलं, "किती वर्सं झोपून राहिल्या असं?"

"दोन."

"अगं माय! म्हणून तुमची बदली व्हईना व्हय!"

शकुबाई आणि मोतीबाई, सगळ्यांनी एकदम मान हलवली. सगळं पटल्यासारखी. मी शांतपणे, एकेक मुद्दा घेऊन समजावून सांगितलं, की झोपण्याची दिशा आणि जिल्हा परिषदेची बदली यांचा काडीचाही संबंध नाही. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं.

सगळे गेल्यावर शिवकन्या दारात थांबली. ओठ दाबून हसत होती.

"म्याडम, फिरवू लागू का खाट?"

"अगं, तसं काही नाही," मी म्हणाले. "पण पंख्याचा वारा नीट लागत नाही मला. धर त्या टोकाला."

आम्ही खाट फिरवली. उशी या टोकाची त्या टोकाला.

पंखा खाटेच्या बरोबर मध्यावर आहे. तेवढं सहावीला सांगू नका.