पाच आकड्यांचं कुलूप

प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला पाच आकड्यांचं नवं कुलूप आलं, तेव्हा आकडा ठरवायचा मान गणिताच्या बाईंनी कुणालाही न विचारता घेतला.

"आकडा कुठे तरी लिहून ठेवा हो," मुख्याध्यापक म्हणाले.

"लिहायचं कशाला? पाच आकडी संख्यांमधली सगळ्यांत मोठी मूळ संख्या! एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचाही भाग जात नाही. विसरले तरी पुन्हा काढता येते." आणि बाईंनी उभ्याउभ्या, तोंडी हिशेब करून कुलूप लावलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला वीस मिनिटं असताना बाई ऐटीत कपाटापुढे आल्या. रात्री घरी त्यांनी हौसेने संख्या पुन्हा कागदावर काढली होती. ९९९९१. चाकं फिरवली, कुलूप ओढलं. कुलूप ढिम्म!

"गंजलं असेल," बाई म्हणाल्या.

"कालच आणलंय!" मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम आला. "मावशी, लोखंड कापायची करवत आणा!"

शिपाईमावशी करवत घेऊन आल्या आणि कुलपावरचे आकडे पाहत उभ्या राहिल्या. चित्रकलेचे सर म्हणाले, "बाई, काल तुमचंच काही चुकलं नसेल ना?"

"माझं?" बाईंनी असं पाहिलं, की सर खिडकीबाहेरचं झाड न्याहाळू लागले.

पण शंकेचा किडा एकदा शिरला की शिरला. बाईंनी हळूच खडू उचलला. ९९९९७ ला तीन, सात, अकरा जात नाहीत. तेराने एक उरतो, सतराने तीन. काल इथवर आल्यावर मुख्याध्यापकांनी चहाला हाक मारली होती. आता बाईंनी एकोणीसने भागून पाहिलं. पाच हजार दोनशे त्रेसष्ट. बाकी शून्य. म्हणजे काल मूळ संख्या म्हणून त्यांनी ही भलतीच लावली होती!

बाहेर पोरांच्या रांगा लागल्या होत्या. मावशींनी करवत कुलपाला टेकवली.

"थांबा!" बाई कडाडल्या. "सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करा. गुप्ततेचा प्रश्न आहे!"

सगळे वळले. खट्! कुलूप उघडलं.

"सांगितलं नव्हतं? गंजच होता," बाई म्हणाल्या आणि गठ्ठे वाटायला निघाल्या.

पेपर वेळेवर सुरू झाला. बाई ताठ मानेने वर्गात फेऱ्या मारत होत्या, तेवढ्यात पाण्याचा तांब्या ठेवायला मावशी आल्या आणि कानाशी कुजबुजल्या, "बाई, काल तुम्ही लावताना मी शेजारीच होते. शेवटी सात होता."

"अहो, मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही एक लावलात ना," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या गणितात सातचा एक होत असेल. आपल्याला त्यातलं काय कळतंय!"