दोन्हीकडचे बडे बाबू

"शाळा ना? शाळा मी एका कागदात उघडून देतो!"

हिरालाल रामटेके यांनी हे वाक्य बशीत चहा ओतता ओतता म्हटलं, आणि चहाचा थेंबसुद्धा सांडला नाही. आत्मविश्वास असावा तर असा! रेल्वेत चौतीस वर्षं घासून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. रायपूरच्या त्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना नावानं कोणी ओळखतच नसे, लहानथोर सगळे 'बडे बाबू'च म्हणत. नळाला पाणी नाही? बडे बाबू. पेन्शन अडली? बडे बाबू. एकदा कुणाचा जावई रुसून बायकोला माहेरी पाठवीना, तर त्यालाही बडे बाबूंनी अर्ज ठोकला, मुद्देसूद, तीन कागद सोबत जोडून. जावई चौथ्या दिवशी बायकोला घेऊन स्वतः हजर!

त्यांचा नेम एकच. दारात आलेल्याला कागद लिहून द्यायचा. लिहिणाऱ्याला बाजू नसते, असं ते छातीठोकपणे सांगत. ऑफिसात एका शिपायावरचा आरोप त्यांनीच लिहिला होता आणि त्या शिपायाचा खुलासाही त्यांनीच. शिपाई सुटला, साहेब खूश झाले, आणि दोघांनी बडे बाबूंना वेगवेगळी मिठाई दिली.

पण या वेळी त्यांना बाजू होती, आणि ती सहा वर्षांची होती.

नात अनुश्री. कोरोनाचं दुसरं वर्ष चालू होतं. पोरगी पहिली पास होऊन दुसरीत गेली, पण शाळेचा बाक तिनं अजून डोळ्यांनी पाहिला नव्हता. सगळी पहिली मोबाइलातच! मुलगा धम्मदीप उरल्याच्या कारखानपट्टीत रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर, सून रुचिता दवाखान्याच्या लॅबमध्ये. म्हणजे नात दिवसभर आजी-आजोबांच्या हवाली. एके दिवशी अनुश्रीनं सिंहाचा धडा घडाघडा वाचून दाखवला. बडे बाबू कौतुकानं मान डोलावत होते. मग त्यांनी चष्मा लावून पाहिलं, तर पोरीच्या हातात पुस्तक होतं गणिताचं!

"बेटा, तू वाचून राहिली का पाठ म्हणून राहिली?"

"मैडम मोबाइल में बोलती हैं ना आबाजी, मैं याद कर लेती हूँ." आमच्या रायपूरच्या पोट्ट्यांचं असंच. मराठी कळते सगळी, उत्तर मात्र हिंदीत.

बडे बाबूंनी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हिरालाल'.

"हे काय लिहिलं सांग बरं?"

अनुश्रीनं पाटी आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. "फूल?"

बडे बाबूंच्या काळजात चर्र झालं. ज्याच्या अक्षरावर साहेब लोक माना डोलवायचे, त्याच्या नातीला त्याचं नाव वाचता येऊ नये! त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. शाळा उघडलीच पाहिजे, आणि तीही रोज, पूर्ण वेळ. नाहीतर ही पोरगी सिंहाचा धडा म्हणत म्हणतच मॅट्रिक व्हायची!

आता शाळा म्हणजे पाऱ्यातलीच, एका ट्रस्टची लहानशी. हेडमास्तर सुशील सरांनी सांगून टाकलं होतं की पालकांनी आणि शिक्षक संघानं आपापलं म्हणणं लेखी द्यावं, मग सभा घेऊ आणि ठरवू. लेखी म्हटलं की रायपुरात ज्ञापन, म्हणजे रीतसर निवेदन, आलं, आणि ज्ञापन म्हटलं की बडे बाबू.

पहिले आले पालकांचे पुढारी भार्गव भैया. गोल बाजारात भांड्यांचं दुकान, घरी तीन मुलं, तिघांचे एकाच वेळी तीन ऑनलाइन वर्ग. बिचारा शांततेसाठी दुकानात जाऊन बसायचा.

"बडे बाबू, ऐसा ज्ञापन चाहिए कि मास्टर लोग पानी माँगें! रोज स्कूल, पूरा टाइम!"

बडे बाबूंनी जीव ओतला. 'सविनय निवेदन है कि' पासून सुरू करून सहा मुद्दे. भार्गव भैयांनी वाचलं आणि त्यांचा मास्क डोळ्यांतल्या पाण्यानं ओला झाला. "कलम तोड़ दी आपने!" म्हणाले, आणि कागद खिशात घालून निघाले. पाऱ्यात मात्र त्यांनी सांगितलं की हे सगळं मीच लिहिलंय, बरं का! बडे बाबूंची त्याला हरकत नव्हती. मसुदा लिहिणाऱ्यानं सही करायची नसते, हे रेल्वेनंच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी दारात चेतना मॅडम. अनुश्रीच्या वर्गशिक्षिका, शिक्षक संघाच्या शाखेच्या सचिव, आणि समोरच्याच गल्लीतली पोरगी. हातात ठेठरी-खुरमीचा डबा.

"काकाजी, आमचं बी एक ज्ञापन पाहिजे होतं. रोज शाळा नको म्हणून. एका खोलीत पन्नास पोट्टे, खिडकी एक, तेही उघडत नाही. एप्रिलमध्ये अठरा दिवस मी खाटेवर होती, तुमाले तर माहीतच हाये."

पडद्यामागून कमलाबाईंनी नवऱ्याला मान हलवून खूण केली. नाही म्हणा! बडे बाबूंनी घसा खाकरला. "बेटा, या खेपेला नाही जमत."

"समजते काकाजी. तसंही भार्गव भैयानं जे लिहिलं ना, त्याच्यासमोर कोण टिकणार? असं लिहिणारा आता रायपुरात दुसरा नाही, असं सारे म्हणून राहिले."

झालं! बडे बाबूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दुसरा नाही म्हणजे? कमला, माह्यं पेन आण!"

आणि काय सांगू तुम्हाला, दुसरा कागद पहिल्यापेक्षा भारी उतरला! आठ मुद्दे. ती न उघडणारी खिडकी तर अशी रंगवली की वाचणाऱ्याचा श्वास कोंडावा. मॅडम आभार मानत गेल्या. खुरमी खाता खाता बडे बाबू म्हणाले, "पाहिलं? लिहिणाऱ्याले बाजू नसते."

"अन् डोकं?" कमलाबाईंनी विचारलं. "ते असते ना?"

दोन दिवसांनी भार्गव भैया परत. शिक्षकांच्या ज्ञापनाला उत्तर हवं होतं. बडे बाबूंनी स्वतःचाच कागद समोर घेतला आणि वाचता वाचता त्यांचा पारा चढायला लागला.

"मूर्ख माणूस! म्हणे मुलं मास्क सांभाळू शकत नाहीत! अरे, लग्नात नाचताना बरे सांभाळतात ते!"

"कोणावर चिडून राहिले?" कमलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"हे ज्यानं लिहिलं त्याच्यावर!"

"बरं. त्याले सांगा, भाजी आणायची हाये."

मग मॅडमना त्या उत्तराचं उत्तर हवं झालं. मग भैयांना त्याचं प्रत्युत्तर. प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा झणझणीत! पाऱ्यात भार्गव भैया आणि चेतना मॅडम एकमेकांकडे पाहीनासे झाले. मॅडमनी त्यांच्या दुकानातून घेतलेला कुकर परत केला, तोही शिट्टीशिवाय. आणि एका दुपारी तर दोघंही एकाच वेळी आले! मॅडमना कमलाबाईंनी घाईघाईनं स्वयंपाकघरात नेलं, भैया बैठकीत. बडे बाबू इकडे 'शिक्षकों का भय निराधार है' असं लिहायचे, मग पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन 'पालकों का हठ अमानवीय है' असं सांगायचे. पाचव्यांदा उठले तेव्हा भैया काळजीनं म्हणाले, "बडे बाबू, शुगर चेक करा लीजिए. इतना पानी ठीक नहीं."

अखेर सभेचा दिवस उजाडला. शाळेचं मैदान, दूर दूर मांडलेल्या खुर्च्या, एका बाजूला पालक, एका बाजूला शिक्षक. बडे बाबू अनुश्रीचा हात धरून मधल्या रांगेत ऐटीत बसले. दोन्हीकडचे कागद वाचले जात होते. पालकांचा मुद्दा आला की ते हळूच म्हणायचे, "वा!" शिक्षकांचा आला की, "क्या बात है!" दोन्हीकडे टाळ्या त्यांच्याच. असा सुखाचा दिवस निवृत्तीनंतर पहिलाच.

सुशील सरांनी डोकं धरलं. "दोनों तरफ़ की बात इतनी मज़बूत है कि मैं फ़ैसला नहीं कर पा रहा. ऐसा कीजिए, पंद्रह मिनट में दोनों पक्ष अपना आख़िरी जवाब लिखकर दें."

भार्गव भैया उठले. कोरा कागद घेऊन थेट मधल्या रांगेकडे चालू लागले. तिकडून चेतना मॅडम उठल्या. कोरा कागद घेऊन त्याही मधल्या रांगेकडे. दोघं बडे बाबूंच्या खुर्चीसमोर एकाच क्षणी पोचले.

"बडे बाबू, बस दो लाइन..."

"काकाजी, दोनच ओळी..."

 भैयांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी भैयांकडे. मग दोघांनी मिळून बडे बाबूंकडे पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी तुमी बैठकीत जाऊन यांचं लिहून राहिले होते?" मॅडम ओरडल्या.

"और मैं इनकी शुगर की फ़िक्र कर रहा था!" भैया त्याहून मोठ्यानं ओरडले.

जो गदारोळ झाला तो झाला! कुणी धोकेबाज म्हणालं, कुणी डबल एजंट. कमलाबाईंनी पदरानं तोंड झाकलं, पण खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हे. शेवटी सुशील सरांनी टेबल वाजवलं. "रामटेकेजी, सबका लिख दिया. अब ये बताइए, आप ख़ुद क्या चाहते हैं?"

बडे बाबू उभे राहिले. "सविनय..." म्हणाले, आणि अडकले. चौतीस वर्षांत स्वतःसाठी त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती!  अनुश्रीनं खालून त्यांचं बोट घट्ट धरलं.

"माह्या नातीले वाचता येत नाही," ते एकदम बोलून गेले. "माह्यं नाव लिहून दाखवलं तर फूल म्हणते. मले शाळा पाहिजे, साहेब. पण ही चेतना अठरा दिवस खाटेवर होती, तेव्हा हिचा डबा आमच्या घरून जात होता. दारातून हाक मारली की हिचं 'ओ' ऐकू येते का नाही, याची धास्ती वाटे. तेही मी विसरलो नाही. आता काय लिहू, तुमीच सांगा."

 भार्गव भैयांनी कोऱ्या कागदाची घडी घातली. चेतना मॅडमनी डोळे पुसले. आणि दहा मिनिटांत ठरलं! अर्धी मुलं एक दिवस, अर्धी दुसऱ्या दिवशी. खिडकी भैया स्वखर्चानं दुरुस्त करणार.

"पर बाक़ी दिन बच्चे कहाँ बैठेंगे?" भैयांनी विचारलं.

मॅडमनी शांतपणे बोट दाखवलं. "काकाजींच्या ओसरीत. काकाजी शिकवतील. दोन्ही बाजू त्यांले पाठच हायेत." ठराव एकमतानं मंजूर झाला. या एका गोष्टीवर मात्र पालक आणि शिक्षक लगेच एक झाले.

बडे बाबू घाबरले असतील असं वाटतं का तुम्हाला? छे! "एका महिन्यात पोट्टे फाडफाड वाचतात का नाही पाहा!" म्हणाले. पण त्यांना शिकवायची एकच रीत ठाऊक. पाणी प्यायचं? अर्ज. पेन्सिल हरवली? अर्ज, दोन प्रतींत. एका पोरीला जोराची लघवी लागली होती आणि ती पाय आवळून उभी, तर हे म्हणतात, "आधी 'लघुशंका' लिही!" पोरं जिवाच्या आकांतानं शिकली. जोडाक्षरं तर बघता बघता आली.

दोन महिन्यांनी अनुश्री एक कागद घेऊन आली.

"आबाजी, हमने ज्ञापन लिखा है. देख दो ना, ठीक है क्या?"

"तूच वाच."

आणि अनुश्रीनं वाचलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, पण कागदावरचं. बडे बाबूंचे डोळे भरून आले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. पोरगी वाचते! खरंखुरं वाचते! या आनंदात कागदात काय लिहिलंय तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणून त्यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं.

"सेवा में, हेडमास्टर साहब. सविनय निवेदन है कि हम बच्चों को रोज़ पूरे दिन का स्कूल चाहिए. एक, आबाजी के यहाँ पानी के लिए भी अर्ज़ी लगती है. दो, यहाँ एक भी कविता नहीं होती. तीन, आबाजी बहुत बोलते हैं." खाली बावीस मुलांच्या सह्या.

कमलाबाई आत गेल्या, कारण इथं हसणं बरं दिसलं नसतं.

 बडे बाबूंचा चेहरा पडला, हे खरं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "बेटा, ड्राफ्ट चांगला हाये. पण हा तिसरा मुद्दा कच्चा पडून राहिला. नुसतं 'बहुत बोलते हैं' म्हटल्यानं कोणी हलत नाही. दाखला द्यावा लागते." आणि मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी स्वतः जोडलं, 'गत मंगलवार को कक्षा दो के बच्चों को लगातार ढाई घंटे रेलवे के पदोन्नति-नियम समझाए गए.'

तोवर आजारही ओसरला होता. त्या कागदावर पालकांनी सह्या केल्या, शिक्षक संघानंही केल्या, आणि पुढच्या सोमवारपासून शाळा रोज, पूर्ण वेळ सुरू झाली. अनुश्रीनं मंजूर झालेला कागद घरी आणला आणि त्यावरचा हेडमास्तरांचा शेरा आबाजींना स्वतः वाचून दाखवला, एका दमात.

'बिंदु तीन पढ़कर बच्चों के प्रति गहरी सहानुभूति हुई. तत्काल स्वीकृत.'