अगं म्हटलं की ओढायचं

घड्याळजींच्या जुन्या गाडीचं ॲक्सिलरेटरचं पेडल एकदा दाबलं की खालीच राहायचं. पाय उचलला तरी ते वर यायचं नाही, आणि गाडी मालकाचं मत न विचारता पुढे निघायची. शनिवारी सकाळी ती अशीच शेडबाहेर निघाली आणि वाळत घातलेल्या चादरी टपावर घेऊन शेजाऱ्यांच्या कुंपणात थांबली.

घड्याळजींच्या बायकोला शिवण शिकायला येणाऱ्या मुली 'बाई' म्हणत, म्हणून सगळेच बाई म्हणत. शिलाई मशिनी जेवणाच्या खोलीत होत्या आणि भातात हमखास दोरा निघायचा. बाईंना वर्गासाठी शेड हवी होती. शेडमध्ये गाडी होती. चादरी सोडवता सोडवता त्यांनी निकाल दिला. उद्या बहिणीकडे जेवायला जायचंय. ही गाडी नेऊन परत आणली तर राहील, नाहीतर सोमवारी भंगारवाला.

घड्याळजींनी डोळ्याला घड्याळदुरुस्तीचं भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि पेडलपाशी पालथे झाले. घड्याळ असो की गाडी, दोष बारीकच असणार ही त्यांची श्रद्धा. प्रत्येक सांध्यात त्यांनी घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. पेडल चकचकीत झालं आणि पुन्हा खाली जाऊन बसलं.

संध्याकाळी त्यांनी पडद्याची दोरी काढून पेडलला बांधली आणि दुसरं टोक बाईंच्या हातात दिलं. स्टिअरिंग इतकं जड होतं की ते फिरवायला घड्याळजींचे दोन्ही हात लागत. तेव्हा पेडल त्यांनी दाबायचं आणि ते म्हणतील तेव्हा बाईंनी दोरीने वर घ्यायचं. 'ओढ' म्हटलं की ओढायची, 'सोड' म्हटलं की सोडायची.

योजना कागदावर बिनतोड होती. पण त्या इंजिनाच्या आवाजात 'ओढ' आणि 'सोड' यांत काडीचा फरक उरत नव्हता. घड्याळजी 'ओढ' म्हणाले, बाईंनी सोडली. ते जीव तोडून पुन्हा 'ओढ' म्हणाले, बाईंनी दोरी हातातूनच टाकली. शेजाऱ्यांचं उरलेलं कुंपण गेलं.

मग 'वर' आणि 'खाली' करून पाहिलं. बाईंनी विचारलं, वर म्हणजे पेडल वर की वेग वर? घड्याळजी विचार करेपर्यंत शेडचं दार आलं.

"अहो, असा शब्द पाहिजे जो मला कुठल्याही आवाजात ऐकू येईल," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"तुमच्या तोंडचा एकच आहे. अगं."

ठरलं. 'अगं' म्हटलं की ओढायचं.

रविवारी गाडी निघाली आणि घड्याळजींच्या लक्षात आलं, की आपलं एकही वाक्य 'अगं'शिवाय सुरू होत नाही. "अगं, बघ कशी पळतेय," म्हणाले आणि गाडी गचका खाऊन मंदावली. "अगं, आत्ता नाही," म्हणाले, ती बंद पडली. मागून येणारा दूधवाला सायकलवरून पुढे निघून गेला. बाईंचा उभा जन्म मशीनवर दोऱ्याचा ताण सांभाळण्यात गेलेला. दोरीचा ताण त्यांना शिकवावा लागला नाही. शेवटी घड्याळजींनी तोंड मिटलं, तेव्हा गाडी सुतासारखी सरळ चालली. संसारात प्रथमच बाई सलग बोलत होत्या, आणि मध्ये कोणी 'अगं, तसं नाही' म्हणत नव्हतं.

दारात साडू उभेच होते. गाडीकडे बघून ते म्हणाले, "ढकलत आणलीत?"

"आमची गाडी आहे, ढकलायला काय झालं?" बाई म्हणाल्या. कालपर्यंत ती 'तुमचं ते डबडं' होती.

जेवणं झाल्यावर घड्याळजी गाडी पुसायला गेले आणि खिशातलं भिंग पेडलखाली पडलं. ते शोधायला वाकले, तेव्हा अर्थातच डोळ्याला भिंग नव्हतं, म्हणून प्रथमच मोठी वस्तू दिसली. पायाखालचा गालिचा. वाढदिवसाला बाईंनी स्वतः शिवून दिलेला, कडेला बोटभर जाड गोट घातलेला. पेडल खाली गेलं की त्या गोटाखाली अडकत होतं.

घड्याळजींनी गालिचा मागे सरकवला. पेडल टुणकन वर आलं. त्यांना एवढा आनंद झाला, की ते साडूंशीही हसून बोलून आले. लग्न झाल्यापासून ज्याची वाट पाहिली, तो वाद जिंकायचा मुद्दा हाती आला होता. तो त्यांनी परतीसाठी राखून ठेवला.

गाडी रस्त्याला लागताच त्यांनी घसा साफ केला. "अगं, ऐक—"

बाईंनी ओढली. गाडी मंदावली.

"अगं, पेडलमध्ये काही नव्हतंच, तुझा तो—"

गाडी थांबली.

"अगं, दोरी सोड आधी."

बाईंनी आणखी घट्ट ओढली. दूधवाला पुन्हा पुढे गेला, या वेळी हात करून. घड्याळजी घरापर्यंत गप्प राहिले.

सोमवारी भंगारवाला आला. बाईंनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि सांगितलं की चालती गाडी आहे. घड्याळजी धावत शेडमध्ये गेले. गाडीत गालिचा अंथरलेला होता, पण त्याची कड सपाट होती. जाड गोट उसवून तिथे बारीक, देखणी टीप मारलेली. पेडलला बांधलेली दोरी मात्र जागच्या जागी, उलट तिच्या टोकाला धरायला नवा कापडी गोंडा.

म्हणजे हिला माहीत होतं. घड्याळजी जेवणाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मुलींचा वर्ग भरला होता.

"अगं," ते म्हणाले.

बाईंनी मशीनवरून मान वर केली नाही. फक्त डावा हात उचलला आणि हवेतच एक ओढ दिली.

घड्याळजी थांबले.